फोंड्याच्या घाटातली उतरण

आण्णा,

गेल्या आठवड्यात मी फोंड्याचा घाट सायकलवरून उतरले. हे वाक्य आधी लिहून टाकते, कारण शेवटाला ठेवलं तर तिथपर्यंत पोचायच्या आधीच हात थांबेल. तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं होऊन गेली. तुमच्यामागं मी तुम्हाला मनातल्या मनात पुष्कळ काही सांगितलं. मुलगा झाला ते सांगितलं, लॅबमधली नोकरी कायम झाली ते सांगितलं, आईच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं तेही सांगितलं. पण हे तसं सांगता येईना. सुरुवात केली की तुम्ही मधेच हात वर करता आणि मी गप्प बसते. कागदावर तुम्हाला मला थांबवता येणार नाही, म्हणून लिहायला बसले.

तुमचा अपघात झाला तेव्हा मी तिसरीत होते. मला ठाऊक आहे ते सगळं घरी आलेल्या माणसांच्या बोलण्यातून कानावर पडलेलं. मार्केट यार्डातून गुळाचे रवे भरून तुम्ही कोकणात निघाला होता. घाटाच्या मध्यावर ट्रकचे ब्रेक गेले. एका अंगाला दरी, एका अंगाला डोंगर, आणि तुम्ही ट्रक डोंगराला घासत घासत नेऊन एका वळणावर थांबवलात. गूळ रस्ताभर झाला, तुमच्या कपाळाला टाके पडले, बाकी कुणाला काही झालं नाही. गल्लीतली माणसं कितीतरी दिवस आपल्या सोप्यात बसून चहा पीत होती. "लई डोकं चालवलंसा आण्णा. दुसरा कोण असता तर गेला असता की खाली!" तुम्ही भिंतीला टेकून बसलेले असायचा आणि कुणी असं कौतुक केलं की हातातल्या बशीकडं बघायचा. बशीतला चहा हलत असायचा. मला तो दिसायचा, पण त्यात विचारण्यासारखं काही आहे असं त्या वयात वाटलं नाही.

मग टाके निघाले, ट्रक दुरुस्त होऊन आला आणि मालकांनी निरोप धाडला. त्या दिवशी शाळेला सुट्टी होती म्हणून तुम्ही मलाही बरोबर नेलंत. मालक म्हणाले, "घाटात नगंच जाऊ एवढ्यात. हितनं वजनकाट्यापतोर ने आन आण. हात बसंल." तुम्ही मला उचलून केबिनमध्ये बसवलंत. उन्हानं सीट तापलेली आहे, समोरच्या काचेतून यार्ड लांबवर सपाट दिसतंय, हमाल पाठीवर रवे घेऊन चाललेत. तुम्ही किल्ली फिरवलीत. इंजिन सुरू झालं, सगळी केबिन थरथरायला लागली. मी ट्रक हलायची वाट बघतेय. तुमचे दोन्ही हात स्टेअरिंगवर आहेत आणि कानापासून घामाची एक रेघ कॉलरपर्यंत गेलीय. समोर उतार नाही, वळण नाही, काही नाही. बऱ्याच वेळानं तुम्ही इंजिन बंद केलंत आणि म्हणालात, "उतर बाळ. पोटात दुखाय लागलंय."

आपण चालत घरी आलो. आईनं विचारलं, "काय खाल्लासा भाईर?" आणि तुमच्या हातावर चिमूटभर ओवा ठेवला. तुम्ही तो खाल्लात. पुन्हा कधी ट्रकचा विषय निघाला की तुमच्या पोटात दुखायचं. शेवटी मालकांनीच तुम्हाला यार्डात वजनाच्या कामावर घेतलं, आणि तुम्ही मरेपर्यंत जमिनीवर पाय ठेवून काम केलंत. तुमचं पोट नाजूक आहे, असं मी कितीतरी वर्षं मैत्रिणींना सांगत होते.

तरीही आठवीत तुम्ही मला सायकल आणलीत. कुणी मागितली नव्हती. शाळा लांब होती आणि मी चालत जाऊन दमते, एवढं तुम्ही कधीतरी पाहिलं असणार. लाल, लेडीज, पुढं बास्केट. कामावरून आलात की चहाच्या आधी तुम्ही तिच्यापाशी उकिडवे बसायचा. मागचं चाक उचलून हातानं फिरवायचा, आणि ते जरा जास्त फिरलं की पान्यानं ब्रेक आवळायचा. सकाळी शाळेला जाताना मला धाप लागायची, मैत्रिणी पुढं निघून जायच्या. एकदा हवा भरायला थांबले तर दुकानदारानं चाक फिरवून बघितलं आणि म्हणाला, "पोरी, ब्रेक रिमला सारखा घासतोय की! ही चालवतीस तरी कशी?" त्यानं तो सैल करून दिला. संध्याकाळी तुम्ही परत आवळलात. असं शाळा संपेपर्यंत चाललं. तो सैल करायचा, तुम्ही आवळायचा, आणि तुम्ही आणि मी त्याबद्दल एक शब्द बोललो नाही. आज चढावर माझे पाय चालतात त्याचं श्रेय लोक व्यायामाला देतात. मी त्यांना दुरुस्त करत नाही.

आणि टेंबलाईच्या टेकडीवरचा तो दिवस. आम्ही चौघीजणी वरून येत होतो, पेडलवरचे पाय उचलून, ओरडत. दुपारीच दुकानदारानं ब्रेक सैल केला होता, त्यामुळं सायकल पहिल्यांदाच खरी पळत होती. वारा कानात भरलेला, ओढणी मागं उडतेय. आणि खाली रस्त्याच्या मध्ये तुम्ही. यार्डातून घरी निघाला होता. दोन्ही हात पसरून उभे राहिलात. मी कशीबशी थांबले तर तुम्ही हँडल धरलंत आणि सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असे ओरडलात. "मरायचं हाय का तुला? मर! पर माज्या डोळ्याम्होरं नगं!" मैत्रिणी आधी हसल्या, मग सायकली घेऊन बाजूला सरकल्या. तुमचा चेहरा रागाचा नव्हता. तो कसला होता हे मला तेव्हा कळलं असतं तर बरं झालं असतं की वाईट, मला सांगता येत नाही. त्या दिवसापासून मी उताराला सायकलवरून उतरून चालायला लागले. लग्न होईपर्यंत तसंच.

त्यानंतर सायकलच सुटली. लॅबमध्ये मी दिवसभर लोकांचं रक्त काढते, आण्णा. सुई बघून मोठमोठ्या माणसांचे हात गार पडतात. मी त्यांना म्हणते, तिकडं भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघा, झालंच. आणि खरंच होतं. दुसऱ्याची भीती मला हाताळता येते. मग लॉकडाऊनच्या दिवसांत तुमच्या जावयांनी हौसेनं एक गिअरची सायकल घेतली आणि महिन्याभरात तिच्यावर टॉवेल वाळायला लागले. एक दिवस टॉवेल काढून मीच निघाले. हळूहळू पहाटे सायकलवरून जोतिबाच्या डोंगरावर जाणाऱ्या बायकांच्या गटात जायला लागले. चढाला सगळ्यांच्या पुढं. उताराला सगळ्यांच्या मागं. मी खाली पोचेपर्यंत त्यांचा चहा पिऊन झालेला असायचा. "आल्या बघा आमच्या म्हाराणी, वरातीच्या चालीनं," असं म्हणायच्या. मी हसायचे.

आमच्या लॅबच्या डॉक्टरीणबाईही त्याच गटात आहेत. त्यांनी मला न विचारता तीन दिवसांच्या शर्यतीत माझं नाव घातलं. हौशी बायकांचा वेगळा गट होता. "चढाला तुमच्यापुढं कोण जाणार?" म्हणाल्या. मी हो म्हटलं. मग रस्ता कळला. पहिल्या दिवशी बिद्रीवरून गारगोटी आणि परत. दुसऱ्या दिवशी राधानगरी, दाजीपूर, आणि घाट उतरून फोंडा. तिसऱ्या दिवशी त्याच रस्त्यानं वर चढून कोल्हापूर. फोन हातात धरून मी लॅबच्या मागच्या खोलीत बसले आणि माझ्या पोटात कळ आली.

आई आता माझ्याकडंच असते. त्या संध्याकाळी ती भाकरी थापत होती. म्हणाली, "कुटनं जाती म्हणं शर्यत?"

"राधानगरीवरनं."

"आन फुडं?"

"फोंड्याला."

तिचा हात भाकरीवर तसाच राहिला. तव्यातून धूर निघायला लागला. "घाटातनं?"

"व्हय."

तिनं भाकरी तव्यात टाकली, पाणी फिरवलं. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "त्यांच्या पोटात कदी दुखत न्हवतं. म्हाईत हाय न्हवं तुला?"

"म्हाईत हाय. मग तू ओवा का देत हुतीस?"

"माणूस जे दुखतंय म्हणतंय त्येला औषध द्यायचं," आई म्हणाली. "जे म्हणत न्हाय त्येला कसं द्यायचं?" आणि भाकरी फुगली ती माझ्या ताटात टाकली. जाऊ नको असं ती म्हणाली नाही. म्हणावं अशी मी वाट बघत होते. ती म्हणाली असती तर माझी सुटका झाली असती.

पहिल्या दिवशी सकाळी इतकी थंडी होती की बोटं गिअरवर कळत नव्हती. कारखाना सुरू झालेला, त्यामुळं बिद्रीच्या रस्त्याला उसाच्या ट्रॉल्या, एकामागं दोन जोडलेल्या, डुलत चाललेल्या. त्यांच्या शेजारून जाताना उसाची पानं खांद्याला लागायची. पण खरी भीती ट्रॉलीची नव्हती, घोळक्याची होती. पुढच्या चाकापासून आपलं चाक वीतभर अंतरावर, डाव्या उजव्या बाजूला कुणाची तरी कोपरं, आणि ब्रेक दाबला तर मागची अंगावर येणार. गारगोटीच्या अलीकडं माझ्या पुढची बाई कुणाच्या तरी चाकाला घासली आणि आडवी झाली. हेल्मेट डांबरावर आपटल्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे. ती उठून बसली, काही मोडलं नव्हतं, पण मी तिला चुकवून पुढं गेले आणि त्यानंतर कितीतरी वेळ मला रस्ता दिसतच नव्हता. तेव्हा एक पोरगी शेजारी आली. नेसरीची, कॉलेजात शिकते, वडिलांची शेती आणि म्हशी. मला म्हणाली, "अक्का, दात एवढं दाबू नगा, हिकडं आवाज येतोय. माज्या मागं ऱ्हावा." मी तिच्या पाठीमागं राहिले आणि कोल्हापुरात पोचले.

दुसरा दिवस. राधानगरीपर्यंत रस्ता चढता होता आणि मी माझी राहिले नाही, इतकी चांगली चालवत होते. धरण मागं पडलं, जंगल सुरू झालं. दाजीपूरच्या चढावर पुढं आम्ही तिघीच होतो. मी, ती नेसरीची पोरगी आणि एक सांगलीची बाई. मला वाटलं, सगळा रस्ता असाच वर वर जात राहिला तर किती बरं. मग झाडी संपली, समोरची जमीनही संपली, आणि तिथून धुकं वर येत होतं. घाटाचं तोंड. सांगलीची बाई गेली. पोरगी ओरडली, "अक्का, चला की!" आणि पहिल्या वळणाला दिसेनाशी झाली. मी पाय टेकला.

मी तिथं उभी आहे. मागून एकेक बाई येतेय, "काय झालं? पंक्चर?" विचारतेय, मी मान हलवतेय, ती खाली जातेय. सगळ्या गेल्या. मग सगळ्यात मागून चालणारी गाडी आली, थकलेल्यांना उचलून घेणारी. ड्रायव्हर तुमच्याच वयाचा होता, म्हणजे तुम्ही गेलात तेव्हाच्या वयाचा. काच खाली करून त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"पोटात दुखाय लागलंय," मी म्हणाले. माझ्या तोंडून हेच आलं.

"बसा गाडीत, ताई. सायकल टाकू मागं. लाज कसली त्यात? कालपासनं चौघी बसल्यात."

मी दाराच्या मुठीवर हात ठेवला. आणि मला दिसलं की मी आत बसलेय, गाडी खाली चाललीय, आणि ब्रेकवर पाय दुसऱ्या कुणाचा तरी आहे. मी हात काढून घेतला. लोकांनी नंतर माझ्या धाडसाचं कौतुक केलं, आण्णा. धाडस नव्हतं. दोन भीतींतली मोठी होती ती मी सोडली आणि लहान होती ती घेतली, एवढंच. ड्रायव्हर म्हणाला, "बरं. मी मागंच हाय. सावकाश."

दोन्ही ब्रेक आवळून मी निघाले. चालत्या माणसानं मला मागं टाकलं असतं. प्रत्येक वळणाला डोंगराच्या अंगाकडं बघत होते. हेच का ते? इथंच का? दगडाला कुठं घासल्याची खूण आहे का? पुढं कुठंतरी ट्रक उतरत होता, त्याच्या तापलेल्या ब्रेकचा जळका वास धुक्यात तसाच राहिलेला. तुमच्या शर्टाला एकेकाळी तो वास यायचा हे मला तिथं आठवलं. हात बधिर झाले, बोटं मुठीपासून वेगळी करता येईनात. प्रत्येक वळण तेच होतं. प्रत्येक वळणाला मी एकदा मेले आणि पुढच्याला परत मरायला गेले.

मग एका सावलीतल्या वळणावर रस्ता दवानं ओला होता, वर पानं पडलेली. मी आणखी जोरात ब्रेक दाबले आणि मागचं चाक थांबलं. फिरायचं थांबलं, पण सरकायचं नाही. सायकल माझ्याखालून दरीकडं निघाली. कठडा दिसला, कठड्यापलीकडचं पांढरं दिसलं. मागून गाडीचा हॉर्न, आणि ड्रायव्हरचा आवाज, "सोडा! ब्रेक सोडा, ताई!"

आण्णा, मी ब्रेक सोडला. तुम्हाला हेच सांगायचं होतं. रोज संध्याकाळी तुम्ही जे आवळत होता ते मी सोडलं. चाक फिरलं, रस्त्याला धरलं, सायकल सरळ झाली आणि मी त्या वळणातून माझ्या आयुष्यात कधी गेले नव्हते इतक्या वेगानं बाहेर पडले. ओरडत होते मी. आनंदानं नाही. पुढच्या वळणाला थोडा दाबला, थोडा सोडला. त्याच्या पुढच्यालाही. भीती तेवढीच होती, पण आता तिला काहीतरी काम होतं.

आणि अचानक ऊन आलं. गरम हवा, माडाची झाडं, कौलारू घरं, शाळेतून येणाऱ्या पोरी रस्त्याच्या कडेला. घाट संपला होता. तुमचं वळण कुठलं होतं? मला कळलंच नाही. इतकी वर्षं ज्याला मी घाबरत होते ते मागं कुठंतरी राहिलं आणि मी त्याला ओळखलं नाही. मी सायकल आडवी टाकून रस्त्याच्या कडेला बसले आणि ओकले. गाडीचा ड्रायव्हर खाली उतरला, पाण्याची बाटली माझ्याजवळ ठेवली आणि दुसरीकडं तोंड करून उभा राहिला.

संध्याकाळी आईला फोन केला. "उतरलीस?" "उतरले." पलीकडं तवा खाली उतरवल्याचा आवाज आला. मग, "जेवून घे."

तिसऱ्या दिवशी तोच घाट चढायचा होता. आता वळणं नीट बघता येतील असं वाटलं, पण डोंगर झुडपांनी भरलाय, रस्ता रुंद झालाय, कठडे नवे. मी शोधायचं सोडून दिलं. त्याऐवजी वरून उतरणारे ट्रक बघत राहिले. चढाला सायकल हळू चालते, त्यामुळं काचेमागचे चेहरे दिसतात. एकेक चेहरा बघितला, आण्णा. ताणलेला जबडा, पुढं आलेली मान, न लवणारी पापणी. तरणा असो, म्हातारा असो, गाणी लावलेला असो. तो चेहरा फक्त तुमचाच आहे असं मी समजत होते. ते सगळे तसेच उतरत होते, आणि उद्याही उतरणार होते. तुम्ही एकदा थांबलात, एवढाच फरक.

चढाला मी बऱ्याच जणींना गाठलं. कोल्हापुरात पोचले तेव्हा नेसरीची पोरगी आधीच येऊन बसली होती, कोपराला मोठी पट्टी. आदल्या दिवशी घाटात तीही घसरली होती, कुणाला बोलली नव्हती. ती आमच्या गटात पहिली आली. मी मधे कुठंतरी. डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांसमोर विचारलं, "मग? गेली का भीती?" मी हो म्हटलं. गेलेली नाही. काल लॅबला जाताना साध्या उतारावर मी परत उतरून चालले.

हा कागद मी कुठं टाकणार नाही. आईला वाचून दाखवणार नाही, तिला पुरेसं माहीत आहे. एक गोष्ट मात्र लिहायची राहिली, आणि ती लिहायला मला घाट उतरण्यापेक्षा जास्त वेळ लागतोय. आण्णा, तुम्ही असता तर मी गेले नसते. तुम्ही नुसतं दारात उभे राहिला असता तरी मी सायकल आत घेतली असती. तुम्ही नाही, म्हणून मला जाता आलं. आणि गेले याचं मला बरं वाटतंय.